पश्चिमेला समुद्रापर्यंत

तिथं बघण्यासारखं काही नाही, हे प्रितमनं स्वतःच पत्रात लिहिलं होतं. एक दिव्याचा मनोरा, दोन खोल्या, पावसाच्या पाण्याची टाकी आणि वाऱ्यानं वाकडे झालेले चार नारळ. बेटाला पुरती फेरी मारायला वीस मिनिटं लागतात, तीही रमतगमत. त्याच पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं की होळीनंतर माझी बदली अंदमानला होतेय, त्याआधी एखाद्या रविवारी सगळे येऊन जा. माझा इथला कामावरचा जोडीदार रजेवर असल्यामुळं मला जागा सोडून किनाऱ्यावरही येता येणार नाही.

मी पत्र दुकानात वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि गिऱ्हाइकाला पाण्याचा बंब दाखवायला उठलो. दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी होता. आळेफाट्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि लग्नसराईत भांडेवाल्याला घरातलं कुणी गेलं तरी सावडणं उरकून लगेच गल्ल्यावर यावं लागतं. डोक्यात मात्र हिशेब सुरू झाला होता. माळशेज घाट उतरायचा, मग मुरबाड, कल्याण, पनवेल, पेण आणि तिथून पुढं किनारा. जायला सात तास, यायला सात तास, मधे होडी. चौदा तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि बेटावर उभं राहायचं एक तास. वीस मिनिटांत फेरी संपल्यावर उरलेली चाळीस मिनिटं काय एकमेकांची तोंडं बघायची?

घरात मी पत्र वाचून दाखवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बापूजींनी, म्हणजे वडिलांनी, एकच विचारलं, "तिथं आहे काय बघायला?" आणि ते वर्तमानपत्रात शिरले. माझी बायको चेतना म्हणाली की भाऊजींना बघायला जायचं, बेट कुठं बघायचंय. आईला आम्ही बाई म्हणतो. सुंदरबाई तिचं नाव. ती काहीच बोलली नाही. आमच्या घरात बाई गप्प बसली की काम वाढतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

प्रितम माझा धाकटा भाऊ. चार पिढ्या दुकानात बसलेल्या मारवाड्याच्या घरात जन्मून हा पठ्ठ्या दीपगृहाच्या खात्यात नोकरीला लागला. पुण्याला डिप्लोमा केला, पेपरात जाहिरात बघितली, अर्ज केला आणि चौऱ्याण्णव साली ऑर्डर हातात घेऊनच घरी आला. बापूजी तेव्हा म्हणाले, "दिवा लावायला सरकार माणूस ठेवतं का?" मग त्यांना दुसरंच आठवलं. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही, कारण दिव्यावर जीव येतात, ताटात पडतात. आणि हा मुलगा रात्रभर डोंगराएवढा दिवा पेटवून बसणार. किती किडे जळत असतील त्याच्यावर, असं म्हणून बापूजींनी निकाल दिला की नोकरी सोडशील तेव्हा घरी ये. प्रितमनं ते जसंच्या तसं धरलं. तो घरी आला नाही. नऊ वर्षांत बाईला तो दोनदा दिसला, पुण्यात नातेवाइकांच्या लग्नात, मांडवाच्या गर्दीत, पाच-पाच मिनिटं.

आणि मी इथंच होतो. बापूजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बाईचे गुडघे, दुकानाचा नोकर पळाला ते वर्ष, सगळं मी बघितलं. तरी घरात लोणच्याची बरणी उघडली की बाई म्हणणार, प्रितमला हे फार आवडायचं. मला आवडतं की नाही हे कुणी विचारलं नाही, कारण मी समोर बसून खातच असायचो. हे मी आज सरळ सांगतो आहे. त्या वेळी मला ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी नुसता कुरकुरायचो.

दुपारी जेवायला आलो तेव्हा बाईनं तिचं व्रताचं कार्ड काढून ठेवलं होतं. आमच्यात दिशांची मर्यादा घेतात. कुठल्या दिशेला किती लांब जायचं हे माणसानं स्वतः ठरवायचं, महासतीजींसमोर, म्हणजे साध्वींसमोर, व्रत घ्यायचं आणि मग जन्मभर त्यापुढं पाऊल टाकायचं नाही. हिंडणं कमी झालं की पापही कमी होतं, असा त्यातला विचार. शहाण्णवच्या चातुर्मासात आमच्या जैन स्थानकात, म्हणजे प्रार्थनेच्या जागी, पंधरा-वीस बायकांनी हे व्रत घेतलं होतं. छापील कार्डावर सहा ओळी होत्या. बाईच्या कार्डावर उत्तरेला राजस्थानातलं पाली, तिचं माहेर. पूर्वेला नगर, दक्षिणेला पुणे. वर आणि खाली याही दिशा असतात. वर शिवनेरीइतकं आणि खाली घरच्या तळघरापर्यंत. पश्चिमेला समुद्रापर्यंत. अक्षर माझं.

"हितेश," बाईनं विचारलं, "बेट समुद्राच्या अलीकडं का पलीकडं?"

मी म्हटलं, समुद्रात. ती म्हणाली, ते झालं, पण समुद्रापर्यंत म्हटल्यावर ते धरायचं का सोडायचं?

असला प्रश्न जेवणाच्या ताटावर कुणाला पडावा? मी चिडलो. म्हटलं, मला दुकान आहे. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. जायचं नाही हे मला सांगावं लागणार नव्हतं. ते कार्डावरच लिहिलेलं होतं.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चेतनाचं म्हणणं, बेट आपल्याच देशाचं, म्हणजे ते आत. बापूजी म्हणाले, पर्यंत म्हणजे पर्यंत, पुढं पाणी लागलं की संपलं. ते इतक्या ठामपणे म्हणाले की त्यांना व्रताची काळजी आहे की आपल्या शब्दाची, हे सगळ्यांना कळलं. शेवटी बाईनं भिमाजीलाही विचारलं. भिमाजी आळ्याचा. शेती भावाकडं आणि जीप याच्याकडं, आमची लांबची सगळी जाणीयेणी त्याच्याच जीपनं होतात. त्यानं तंबाखू चोळता चोळता विचार केला.

"बाई, डिंभ्याचं धरण भरलं तवा आमच्या पावण्यांची टेकडी मधीच राहिली. चारी बाजूनं पाणी. पर तिचा सातबारा अजून गावातच हाय. मंग ती धरणात कशी म्हनायची?"

बाईला हे एकदम पटलं. मला वाटलं, संपलं, आता निघावं लागणार. पण तिचं समाधान संध्याकाळपर्यंतच टिकलं. सातबारा तलाठ्याचा असतो, व्रत आपलं असतं, असं म्हणून ती पुन्हा गप्प झाली.

मग कळलं की महासतीजी विहार करत नाशिककडून पुण्याकडं चालल्या आहेत आणि पेठला दोन दिवस मुक्काम आहे. त्यांनाच विचारू, असं बाई म्हणाली. मी दुकान चेतनाकडं सोपवलं आणि भिमाजीच्या जीपनं बाईला घेऊन पेठला गेलो. एका बेटाला जायचं की नाही हे ठरवायलाच माझा अर्धा दिवस गेला होता.

रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत महासतीजी बसल्या होत्या. वयस्कर, पायांना भेगा पडलेल्या, तोंडावर मुहपत्तीचं पांढरं फडकं. रोज बारा-पंधरा किलोमीटर अनवाणी चालणारे त्यांचे पाय बघून माझी कुरकुर जरा आत गेली. बाईनं वंदना केली, कार्ड पुढं ठेवलं आणि प्रश्न सांगितला. महासतीजींनी कार्ड वाचलं. त्या म्हणाल्या की मी स्वतः समुद्र बघितलेला नाही, त्यामुळं तो कुठं सुरू होतो ते मला विचारू नका. मग त्यांनी विचारलं, "व्रत घेताना तुमच्या मनात काय होतं?"

बाई म्हणाली, "आता आठवत न्हाई."

मला मात्र आठवत होतं.

त्या दिवशी स्थानकात मी सगळ्या बायकांची कार्डं भरून देत बसलो होतो. दुकान बंद करून आलो होतो, जेवलो नव्हतो. पंधरा कार्डं लिहून बोटं दुखायला लागली तेव्हा बाईचा नंबर आला. पाच ओळी तिनं मलाच विचारून विचारून भरल्या. पश्चिमेची आली तशी ती खाली वाकली आणि बापूजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "प्रितम असंल तिथपर्यंत लिही." प्रितम तेव्हा किनाऱ्यावरच्याच एका दीपगृहात होता. मला असा राग आला म्हणता. माणसाचं नाव दिशेच्या रकान्यात लिहितात का, असं मी मनाशी म्हटलं आणि लिहिलं, समुद्रापर्यंत. अर्थ तोच, असंही मनाशी म्हटलं. महासतीजींनी कार्ड मोठ्यानं वाचलं, बाईनं हात जोडून मान डोलावली. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, असं बाई म्हणत राहिली आणि त्या उन्हाळ्याआधीच प्रितमची बदली बेटावर झाली. अर्थ तोच राहिला नाही.

पडवीत मी तोंड उघडलं नाही. महासतीजी म्हणाल्या, शंका असेल तिथं पाऊल मागं घ्यावं. बाई म्हणाली, बरं. तिनं कार्ड पिशवीत ठेवलं, वंदना केली आणि आम्ही निघालो.

मंचरच्या अलीकडं भिमाजीनं चहासाठी जीप थांबवली. बाई बाहेरचं काही घेत नाही, म्हणून ती जीपमध्येच बसून राहिली आणि तिच्यासोबत मीही बसलो. एक अख्खा रविवार वाचला होता. मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी असं वाटत होतं की या सीटवरून आपण आता उठूच शकणार नाही.

"बाई, तू समुद्रापर्यंत म्हटलं नव्हतंस," मी म्हटलं.

ती रस्त्यापलीकडच्या उसाकडं बघत होती. "न्हाई."

"प्रितम असेल तिथपर्यंत म्हटलं होतंस. मी बदललं."

"ठाऊक हाय मला. वाचलं तवाच कळलं."

मला पुढचं विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं. मग तेव्हा बोलली का नाहीस? तिथल्या तिथं खोडून दुसरं लिहिलं असतं. आत्ता तरी महासतीजींना का सांगितलं नाहीस?

बाईनं पदर सारखा केला.

"तू उपाशी आला व्हतास. सगळ्यांची कार्डं लिहीत बसला व्हतास. आन् मी तुला म्हटलं, प्रितमचं नाव लिही. सहा दिशा व्हत्या, त्यात तुझं नाव कुटंच न्हवतं. वाचलं तवा मला माझी चूक कळली. मंग तुझं अक्षर कसं खोडायला लावू? लोकांदेखत? म्हटलं, राहू दे. एवढं हितेशचं राहू दे."

सात वर्षं ही बाई माझ्या एका शब्दाच्या आत राहिली होती, आणि लोणच्याच्या बरणीवरून मी तिच्यावर रुसत होतो. मला रडू वगैरे आलं नाही. फार थकवा आला, सगळ्या अंगाला, आणि स्वतःची लाज वाटली.

थोड्या वेळानं मी म्हटलं की मग जाऊ या. तुझ्या मनात प्रितम होता, महासतीजींनी मनातलंच विचारलं. बाईनं मान हलवली. म्हणाली, मनात काय बी असंल, मान मी डोलावली ती वाचलेल्याला. ते व्रत मोडायचं न्हाई.

"पण समुद्रापर्यंत तर चालतं?"

"तेवढं चालतं," बाई म्हणाली.

भिमाजी चहा पिऊन आला. मी त्याला सांगितलं की रविवारी पहाटे पाचला आळेफाट्यावरून निघायचं. त्यानं विचारलं, बेटावर का? मी म्हटलं, बेटापर्यंत.

घरी आल्यावर बापूजींना मी विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं की बाईचं उकळलेलं पाणी कोण सांभाळणार, तुला तर धसमुसळेपणाशिवाय काही येत नाही. रविवारी पहाटे ते पाण्याची कळशी मांडीवर घेऊन जीपमध्ये सगळ्यांच्या आधी बसले होते. चेतना दुकानासाठी मागं राहिली. तिनं चार डबे भरून दिले होते आणि लोणच्याची बरणी वेगळी.

प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. कल्याणात अडकलो, पेणच्या पुढं पंक्चर झालं, बाईचे गुडघे आखडले. एकच्या सुमारास आम्ही कोळ्यांच्या त्या गावात पोचलो. वाळत घातलेल्या मासळीच्या वासानं बापूजींनी नाकाला उपरणं लावलं आणि पुढं तासभर ते काढलं नाही. समोर समुद्र होता. बाईनं तो पहिल्यांदाच बघितला. तिनं विचारलं, बेट कुठलं? मी बोट दाखवलं. पाण्यावर राखाडी ठिपका आणि त्यावर खडूएवढा पांढरा मनोरा. ती डोळ्यांवर हात धरून बघत राहिली, पण तिला ठिपकासुद्धा नीट दिसला नसावा.

पाणी नुकतं उतरायला लागलं होतं. होडीवाला म्हणाला की जायचं तर आत्ता, आणि तिथं तासाभराच्या वर थांबता येणार नाही, नाहीतर होडी खडकाला लागेल. मी डबे आणि बरणी घेऊन होडीत बसलो. बाई ओल्या वाळूच्या कडेला उभी राहिली, आणि भिमाजीनं बापूजींसाठी एका पडक्या होडीच्या सावलीत सतरंजी टाकली.

प्रितम खडकांवर उतरून माझी वाट बघत होता. बारीक झाला होता, डोळ्यांना चष्मा लागला होता. त्यानं होडीत मागं बघितलं, आणखी कुणी नव्हतं. मी सांगितलं की बाई किनाऱ्यावर आहे, तिला पुढं येता येत नाही. व्रताचं सांगितलं, आणि ते वाक्य कुणी लिहिलं तेही सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "चार किलोमीटर आहे फक्त."

मी म्हटलं, दिवसा कसला आलाय दिवा, तूच चल माझ्याबरोबर, होडी आहे. तो म्हणाला की दर तासाला बिनतारी संदेश द्यावा लागतो, हवा, लाटा, वारा. एकटा असताना जागा सोडता येत नाही. हे मला तरी कुणी सांगायला नको होतं. मी उभ्या जन्मात जागा सोडली नव्हती.

त्यानं मला मनोऱ्यावर नेलं. वर काचेच्या खोलीत दिवा होता. त्यानं काचेवर बोट फिरवून दाखवलं की हे सगळं बंद असतं, आत चिलटसुद्धा जात नाही, हे बापूजींना सांग. नऊ वर्षांत हे सांगायचं राहून गेलं होतं. बाहेर कठड्याशी उभं राहून त्यानं बरणी उघडली, बोटानं लोणचं चाखलं आणि खात्याची दुर्बीण गळ्यातून काढून डोळ्यांना लावली.

त्यानं ती किनाऱ्यावरून हळूहळू फिरवली. मग म्हणाला, "ती पुढं येतेय."

मला वाटलं, बाई पाण्यात शिरली की काय. मी त्याच्या हातातून दुर्बीण ओढून घेतली.

मी सोडून आलो होतो ती जागा तिच्या पाठीमागं कितीतरी लांब राहिली होती. ओहोटी चालू होती. लाट मागं गेली की ओल्या वाळूवर बाई दोन पावलं टाकायची आणि थांबायची. पाणी तिच्या पायाला लागत नव्हतं. लाट आणखी मागं गेली की पुन्हा दोन पावलं. समुद्र सरकत होता तेवढीच ती सरकत होती, त्याच्या पुढं नाही. पाठोपाठ बापूजी येत होते, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी. नाकावरचं उपरणं निघालं होतं.

मी दुर्बीण प्रितमला परत दिली आणि विचारलं, ओहोटी अजून किती वेळ आहे? तो म्हणाला, साडेतीन-चार तास.

खालून होडीवाला हाका मारत होता. मी प्रितमला म्हटलं, येतो. त्याला ते ऐकू गेलं नाही. तो कठड्यावर छातीपर्यंत वाकून बघत होता आणि दर दोन पावलांना तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होता. मी पुन्हा हाक मारली नाही. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की आज मला त्याचा राग आला नव्हता.